दहाच्या आसपास

धुळ्याच्या ज्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवायला लागलो, तिथे पहिल्या वर्षाला छत्तीस मुलं आणि एक मुलगी होती. सगळी मॅट्रिकपर्यंत मराठीत शिकलेली, आणि मी पुण्याहून टाय बांधून आलेला. तास मी इंग्रजीत घ्यायचो. मुलं इतक्या भक्तिभावाने माना डोलवायची की आपण फर्डं शिकवतो असा माझा समज झाला. पुढे लक्षात आलं, की 'अ‍ॅसिड' आणि 'अल्कली' हे दोन शब्द सोडले तर त्यांना काही कळत नव्हतं. मान हलवली की सर लवकर सोडतात, हे मात्र पक्कं कळलं होतं.

खरी मजा प्रयोगशाळेत. चंबूत मोजून दहा सी.सी. अल्कली घ्यायची, त्यात दोन थेंब औषध टाकून ती गुलाबी करायची आणि वरच्या उभ्या नळीतून, म्हणजे ब्युरेटमधून, थेंबथेंब अ‍ॅसिड सोडायचं. गुलाबी रंग गेला की थांबायचं आणि किती अ‍ॅसिड लागलं ते लिहायचं. असं तीनदा. पहिल्याच दिवशी एकाने विचारलं, "सर, किती यायला पाहिजे?" मी भोळसटासारखं सांगून टाकलं, "दोन्ही सारख्याच ताकदीची आहेत. दहाच्या आसपास येईल."

त्या दिवसापासून मुलांना दहाशिवाय काही येईना. ब्युरेट गळो की चंबू फुटो, जर्नलमध्ये दहा, दहा पॉइंट एक, दहा. मधला पॉइंट एक खरेपणा दिसावा म्हणून. ही युक्ती त्यांना कोणी शिकवली म्हणाल, तर मीच. मला माझ्या सरांनी शिकवली होती. मुलं त्या मुलीशी बोलत नसत, मलाही तिच्या टेबलाशी रेंगाळायला संकोच वाटे. त्यामुळे ही विद्या तिच्यापर्यंत पोचलीच नाही. ती बिचारी खरोखर मोजायची.

ती शिंदखेड्याकडची, कपाशी पिकवणाऱ्या घरातली. धुळ्यात मामाकडे राहायची. प्रवेशाच्या वेळी तिचे वडील मला भेटले होते. मी त्यांना आबा म्हणालो, ते मला मास्तर म्हणाले. "मास्तर, पोर पास व्हयनी तं पुढे शिकाडसू. नही तं लगीन करी टाकसू." एवढं बोलून ते स्टँडकडे चालू लागले. मुलगी तिथेच उभी राहून ऐकत होती.

वार्षिक प्रॅक्टिकलच्या दिवशी सकाळी अ‍ॅसिडच्या पाच मोठ्या बाटल्यांपैकी एक माझ्याच कोपराने खाली गेली. नवं द्रावण करायला वेळ नव्हता. मी उरलेल्या चार बाटल्यांमध्ये पाणी ओतून पाच केल्या. अ‍ॅसिड पातळ झालं, म्हणजे आता ते दहाच्या जागी साडेबारा लागणार, हे मला कळत होतं. पण मी निर्धास्त होतो. खरं काय येतंय, हे बघतो कोण?

परीक्षक बाहेरगावचे, वयस्कर. त्यांनी एकेक उत्तरपत्रिका पाहिली. दहा, दहा पॉइंट एक, दहा. छत्तीस वेळा. ते खूश होत गेले. शेवटी मुलीची पत्रिका आली. साडेबारा, साडेबारा, साडेबारा.

"काय हो बाई, सगळ्यांचं दहा आणि तुमचंच साडेबारा?"

"सगळ्यांचं मला माहीत नाही, सर. माझं साडेबारा आलं. पुन्हा करून दाखवू?"

"नको. मला दिसतंय," असं म्हणून परीक्षकांनी लाल पेन्सिल उचलली. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. तरी मला आबा आठवले, आणि मी कसाबसा म्हणालो, "सर, एकदा आपणच करून पाहावं."

त्यांनी केलं. गुलाबी रंग साडेबाराला गेला. त्यांनी चष्मा काढून पुसला, ब्युरेटकडे पुन्हा पाहिलं आणि मला खिडकीपाशी नेऊन हळूच विचारलं, "पाणी घातलंत?" मी हो म्हणालो. खरं लिहायचं तर एक पास आणि छत्तीस नापास, वर माझी नोकरी गेली. परीक्षक अनुभवी होते. त्यांनी सगळ्यांना पास केलं. मुलांना भरपूर मार्क दिले आणि मुलीला काठावरचे, कारण बाकीच्यांशी तिचं जुळत नव्हतं. लग्न टळलं एवढं तर झालं, अशी मी मनाची समजूत घातली.

निकालानंतर ती विचारायला आली, "सर, माझं काय चुकलं?" मला तिच्याकडे बघवेना. "काही नाही, पुढच्या वर्षी जरा जपून," असं मी म्हणालो. त्या उत्तराची मला आजही लाज वाटते.

सुट्टीत मी ठरवलं, की आता हे दहाचं नाटक बंद. नव्या वर्षी, तीच मुलं दुसऱ्या वर्षाला आल्यावर, पहिल्याच प्रॅक्टिकलला मी मुद्दाम वेगळ्या ताकदीचं अ‍ॅसिड केलं. सव्वाअकरा यायला हवं होतं, आणि किती येईल ते मी कोणाला सांगितलं नाही. मुलांकडून आशा नव्हतीच. पण एक तरी आकडा खरा येणार, या खात्रीने मी जर्नलांच्या गठ्ठ्यातून तिचं जर्नल आधी काढलं.

सुरेख अक्षरात तिने लिहिलं होतं : दहा, दहा पॉइंट एक, दहा.

मी खाली सही केली.