सातव्या मजल्यावरचा व्हॉल्व्ह

दळवी भिंतींशी बोलतात, असं परळच्या आमच्या हॉस्पिटलात सगळे म्हणत. नवी इमारत उभी राहत होती तेव्हा काय कुठे बसवलंय याची नोंद ठेवायला ते टॅब घेऊन दिवसभर मजल्यामजल्यावर हिंडायचे, बोटाच्या पेरांनी भिंत वाजवायचे आणि पुटपुटायचे, "सांग बाई, पोटात काय दडवलंयस?" मी देखभाल विभागात नवा इंजिनिअर. पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक उघडी केबल दाखवली. "नकाशात ही खांबाच्या डावीकडून जाते. बसवणाऱ्याने नेली उजवीकडून. आज नोंदवलं नाही, तर उद्या तू ड्रिल मारशील आणि बसशील बोंबलत."

दळवी फणसवाडीतले. उमेदीची वर्षं सगळी ड्रॉइंग बोर्डावर गेलेली. पन्नाशी उलटल्यावर ते कम्प्युटरवर इमारतीचं मॉडेल करायला शिकले. त्यात एखाद्या पंपावर बोट ठेवलं की तो कधी बसवला, त्याचं पाणी कुठून येतं, कुठे बंद करायचं, सगळं समोर यायचं. "बांधणारे जातात रे निघून," ते म्हणायचे. "इमारतीचं आयुष्य त्यानंतर सुरू होतं."

इमारत ताब्यात आली आणि वर्षभरात त्यांचं कंत्राट संपवलं. "पेशंट काय मॉडेलमध्ये झोपणार आहेत?" व्यवस्थापक म्हणाले. जाताना दळवींनी मला बाजूला घेतलं. "एवढंच कर. काहीही हलवलंस, की त्याच दिवशी मॉडेलमध्ये टाक. ते एकदा खोटं ठरलं, की मेलं." मी हो म्हटलं. दोन-तीन महिने केलंही.

पुढे दोनेक वर्षांनी, भर दुपारी, सातव्या मजल्यावरच्या वॉर्डात छतातून पाणी कोसळायला लागलं. सिस्टर एकेक खाट बाहेर ढकलत होत्या. मॉडेलमध्ये व्हॉल्व्ह दिसत होता तिथलं छत आम्ही उघडलं. व्हॉल्व्ह नव्हता. घाबरून मी दळवींना फोन केला. तेव्हा ते हृदयाचं दुखणं घेऊन दादरला लेकीकडे राहत होते. तसेच टॅक्सीने आले.

"इथेच आहे. मी स्वतः फोटो काढलाय," म्हणत ते कुणाचं न ऐकता शिडीवर चढले. छतात हात घालून चाचपत राहिले. बाहीतून पाणी गळत होतं.

त्यांना तसं पाहताना मला आठवलं. एसीच्या डक्टला आडवा येतो म्हणून आठ महिन्यांपूर्वी प्लंबरने तो व्हॉल्व्ह पलीकडच्या पॅसेजमध्ये नेला होता. मला विचारूनच. नोंद करायची मी विसरलो होतो.

मी धावत पॅसेजमध्ये जाऊन पाणी बंद केलं. परत आलो तर व्यवस्थापक म्हणत होते, "नोंदवतानाच चुकलं असणार. होतं असं वयोमानाने." दळवी सिस्टरची माफी मागत होते. "माझीच चूक, बाई. तुमच्या पेशंटना त्रास झाला."

मी त्यांना हात धरून खाली नेलं. टॅक्सीत बसवलं. म्हटलं, खरं काय ते उद्या फोन करून सांगू.

तीन महिन्यांनी ते गेले. भेटायला गेलो तर त्यांची लेक म्हणाली, "बाबा शेवटपर्यंत त्या व्हॉल्व्हचंच बोलायचे. जुने फोटो काढून बसायचे. 'मी कुठे चुकलो ते सापडत नाही गं,' म्हणायचे. तुम्हाला काही माहीत आहे का हो?"

"नाही," मी म्हणालो.