दिवेलागणीचं दार

आमच्या बॉयलरशी माझं कधीच पटलं नाही. स्वयंपाकघरातल्या कपाटात बसून तो दिवसभर घुमायचा, मधेच गप्प व्हायचा आणि पुन्हा भुस्सकन पेटायचा. ह्यांनी तो बसवून घेतला तेव्हाच मी म्हणाले होते, "आडदांड दिसतोय, खाणार भरपूर." हे हसले होते. हे गेले, त्यानंतरच्या हिवाळ्यात गॅसचं बिल असं काही आलं की मुलानं लंडनच्या एजवेअरहून त्याच्या इंग्लिश वळणाच्या मराठीत फोन केला, "आई, घरात स्विमिंग पूल काढली का तू?"

बिलं त्याच्या ईमेलवर जायची. बँकेच्या काउंटरवर माझा जन्म गेला, पण घरचे पासवर्ड ह्यांच्या डोक्यात होते, आणि ते डोक्यातच राहिले. म्हणून मुलानं सगळं आपल्याकडे वळवून घेतलं. बर्मिंगहॅमच्या घरात मी किती गॅस जाळते हे मला कळायच्या आधी लंडनला कळायचं.

"मी एकटी बाई," मी म्हटलं, "दोन खोल्यांत वावरते. आंघोळ एकदा. भांडी चार. मला काय विचारतोस, त्या मेल्याला विचार."

"कुणाला?"

"बॉयलरला."

तोवर मुलाचा फोन रविवारी यायचा. मागे डिशवॉशरमध्ये भांडी लावल्याचा आवाज. जेवलीस का? जेवले. हवा कशी आहे? इंग्लंडची आहे. ओके आई, टेक केअर, बाय. फोन ठेवल्यावर मी तिथेच थोडा वेळ बसून राहायचे, कारण पुढे काही करायचं नसायचं. तक्रार म्हणून सांगत नाही. इथेच जन्मलेली मुलं आईला असाच फोन करतात, आणि काही तर तेवढाही करत नाहीत. पण खोटं कशाला बोलू, तो फोन झाला की उरलेला रविवार माझ्या अंगावर यायचा.

बिल आलं आणि चमत्कार झाला. मुलगा रोज फोन करायला लागला. संध्याकाळी ऑफिसमधून निघाला की ट्रेनमधून.

"आई, बॉयलरवर तो गोल डायल आहे ना, त्याची काटा कुठे आहे?"

मी चष्मा शोधायचे, कपाट उघडायचे. "हिरव्यात आहे."

"आता रेडिएटरला हात लाव. वर गार आणि खाली गरम, असं आहे का?"

तसं असलं तर आत हवा अडकलेली असते म्हणे, आणि खाली गार असलं तर गाळ साचलेला. दोन्हीमुळे बॉयलर उगाच राबत राहतो आणि घर तापत नाही. मी घरभर फिरून भिंतीवरच्या त्या गरम पाण्याच्या रेडिएटरना हात लावायचे, आजारी पोराच्या कपाळाला लावावा तसा. एका रेडिएटरमधली हवा मी स्वतः काढली. छोट्या किल्लीनं स्क्रू सैल केला, सूंऽऽ करून हवा गेली आणि मागून काळं पाणी माझ्या साडीवर. मुलगा फोनवर एवढा हसला, एवढा हसला, की ट्रेनमधल्या लोकांनी वळून पाहिलं असेल.

बॉयलरवरून बोलणं कुठेही जायचं. त्याचा मॅनेजर कसा खडूस आहे. लहानपणी तो शाळेचे मोजे रेडिएटरवर शेकून घालायचा ते. बाबा त्याला कारखान्यात घेऊन गेले होते ते. मला माहीत असलेल्या गोष्टीही मी पुन्हा विचारायचे. "प्रेशर कमी झालं तर काय करायचं म्हणालास?" तो बिचारा पहिल्यापासून सांगायचा. मी ओट्याला टेकून ऐकायचे.

आठवडे गेले, पण घोडं कुठे पेंड खातंय ते काही कळेना. खिडकीपाशी वीज-गॅसचा खर्च दाखवणारा छोटा स्क्रीन ठेवलेला असतो, तो संध्याकाळ झाली की लालबुंद. शेवटी मुलानं बॉयलरवाल्याला पाठवलं. इथल्या पद्धतीचा गप्पिष्ट माणूस, दारातूनच "ऑल राइट, बॅब?" म्हणत आला. मी सत्तरीची बाई, आणि हा मला बॅब, म्हणजे बाळ, म्हणतो. पण खरं सांगू का, बरं वाटलं. त्यानं बॉयलर उघडला, आत दिवा मारला, काहीबाही मोजलं आणि म्हणाला, "याला काहीही झालेलं नाही."

"मग खातोय कोण एवढं?"

तो पुढच्या दाराशी गेला. आमच्या हॉलमध्ये, म्हणजे दारातून आत आल्यावरच्या बोळात, भिंतीवर थर्मोस्टॅट आहे. घर किती गरम आहे ते बघून तोच बॉयलरला हुकूम सोडतो. आता हॉल गार पडला की त्याला वाटतं, अख्खं घर गार पडलंय. मग बॉयलर पेटतो तो पेटतोच. बॉयलरवाला म्हणाला, ह्या थर्मोस्टॅटची जागा चुकीची आहे, पण अर्ध्या इंग्लंडात ती तिथेच असते.

"तुम्ही हे दार जास्त वेळ उघडं ठेवता का?" त्यानं विचारलं.

"छे!" मी म्हटलं. "या थंडीत दार उघडं टाकायला मला काय वेड लागलंय?"

आणि हे मी अगदी मनापासून म्हटलं. देवाशपथ. माझ्या मनात खोटेपणा नव्हता. तो चहा पिऊन गेला.

त्याच संध्याकाळी मी रोजच्यासारखी समई लावली, पुढचं दार सताड उघडलं आणि हॉलमधल्या खुर्चीवर शाल घेऊन बसले. तिन्हीसांजेला दार लावून बसू नये, लक्ष्मी माघारी जाते, हे आईनं सांगितलेलं. पुण्यात दिवेलागणीला आमचं दार कधी बंद नसायचं. लग्न होऊन इथे आले तरी मी ते सोडलं नाही. फक्त इथे डिसेंबरात चार वाजताच तिन्हीसांज होते आणि लक्ष्मी येवो न येवो, बर्फाचा वारा मात्र नक्की येतो. हे होते तेव्हा दार मिनिटभर उघडं राहायचं. मग आतून हाक, "अगं, लाव ते दार, रस्ता तापवतेस का?" मी हळदीकुंकू वाहून दार लावायचे. ह्यांच्यानंतर ओरडणारं कोणी उरलं नाही. मिनिटाची पाच मिनिटं झाली, मग खुर्ची आली, मग शाल आली.

कोपऱ्यावरच्या घरातली बाई त्या वेळी कुत्र्याला फिरवायला नेते. निवृत्त बसड्रायव्हर. ती फाटकाशी थांबते, कुत्र्याचे गुडघे दुखतात ते सांगते, स्वतःचेही सांगते. शाळेतून उशिरा सुटलेल्या दोन मुली हात हलवतात. बाकी दिवसभरात माझ्याशी कोण बोलतं? त्या संध्याकाळीही ती थांबली. तिचं कुत्र्यावरचं नवं औषध सांगून होतंय तोच माझ्यामागे स्वयंपाकघरात बॉयलर पेटला. भुस्स. मी मागे वळून पाहिलं. भिंतीवर तो थर्मोस्टॅट, समोर उघडं दार, आणि मध्ये शाल पांघरून मी.

अगं बाई! काखेत कळसा आणि गावाला वळसा. बॉयलरवाल्यानं विचारलं तेव्हा दार उघडं ठेवणं म्हणजे दार उघडं टाकणं, असं मला वाटलं होतं. दिवेलागणी मी त्यात धरलीच नव्हती. ती तर दिवेलागणी! बिचाऱ्या बॉयलरला मी महिनाभर शिव्या मोजत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी.

मला हसूच फुटलं. आणि मग फोन वाजला, मुलाचा, ट्रेनमधून, आणि माझं हसू जागच्या जागी थांबलं.

"आई, काय म्हणाला तो माणूस?"

आता हे सांगितलं की संपलं. दार लाव, बिल कमी, विषय बंद, पुन्हा रविवार. म्हटलं, "काही नाही रे. बघतो म्हणाला."

तेव्हापासून मी त्याला ताकास तूर लागू दिली नाही. तो रोज विचारायचा, मी रोज काटा बघायचे, जो मुळीच हलत नव्हता. पण मला असलं नाटक फार दिवस जमत नाही. पोरगं कामानं पिचलेलं, त्यात इंटरनेटवर रात्रभर बॉयलरची माहिती वाचतं. एक दिवस तो म्हणाला, "आई, आपण नवीन बॉयलर घालू, मी लोन घेतो," तेव्हा मात्र माझा धीर सुटला. सांगून टाकलं सगळं. दार, समई, थर्मोस्टॅट.

तो म्हणाला, "ओह, लक्ष्मी. ओके. दॅट्स क्यूट." आणि मग, "डोन्ट वरी, मी फिक्स करतो."

शनिवारी आला. मी पहाटेपासून पुरणपोळ्यांच्या मागे. तो हॉलमध्ये स्टुलावर उभा. जुना थर्मोस्टॅट काढून त्याच जागी नवा, चकचकीत, फोनवरून चालणारा बसवला. "आता मला तिथून सगळं दिसेल. तुला काहीच करायला नको." दोन पोळ्या उभ्या उभ्या खाल्ल्या, बाकीच्या डब्यात नेल्या, अंधार व्हायच्या आत निघाला. गाडी वळेपर्यंत मी दारात. मग आत येऊन परातीतलं उरलेलं पीठ फ्रिजमध्ये ठेवलं.

नवा थर्मोस्टॅट चुगलखोर निघाला. सोमवारी मी दार उघडलं, आणि थोड्याच वेळात फोन. "आई, दार!"

"लावते रे, लावते."

मंगळवारीही तेच. त्याच्या फोनवर हॉल गार पडलेला दिसायचा आणि तो मला फोन करायचा. आधी नुसतं "आई, दार!" मग "आई, आज लक्ष्मी आली का?" मग कोपऱ्यावरच्या कुत्र्याची चौकशी. मी काय करावं? मी दार उघडायचे आणि फोन हातात घेऊनच बसायचे. एखाद्या दिवशी वारा पडलेला असला तर दार आणखी मागे ढकलायचे, थर्मोस्टॅटला नीट थंडी लागावी म्हणून. आपण म्हातारपणी काय करतोय हे कळत होतं मला. पण सुखाचे दिवस होते ते.

मग एका संध्याकाळी दार उघडलं आणि फोन आला नाही.

मी थांबले. कुत्रेवाली बाई येऊन गेली. मुली गेल्या. बॉयलरचाही आवाज नाही. रेडिएटरला हात लावला तर गार. मला वाटलं, आता खरंच बिघडला. म्हणून मीच मुलाला लावला फोन.

"नाही आई, बिघडला नाही," तो खुशीत होता. "मला सेटिंग सापडली. दार उघडलं की थर्मोस्टॅटला कळतं, तो हीटिंग ऑटोमॅटिक बंद करतो. दार लावलं की चालू. आता मला फोन करून तुला त्रास नको द्यायला."

हॉलमध्ये इतका गारठा होता की फोन धरलेली बोटं बधिर झाली होती.

"आई? ऑल ओके ना? बॉयलर?"

"बॉयलर ठणठणीत आहे," मी म्हटलं. आणि मग तोंडून निघून गेलं, "मला करमत नाही रे. एकटीला घर खायला उठतं."

फोनमध्ये खरखर झाली.

"हॅलो? आई, टनेल होती. नाही ऐकू आलं. परत बोल?"

एकदा निसटलेलं पुन्हा बोलायचं म्हणजे काय असतं! सरळ म्हणता आलं असतं, काही नाही, जेव वेळेवर. ते जिभेवर आलंही होतं. पण इतका राग आला मला, त्या टनेलचा, त्या सेटिंगचा, माझा स्वतःचा, की मी उघड्या दारात उभी राहून ओरडले. रस्त्यापलीकडे कुणाच्या तरी पोर्चमधला दिवा लागला.

"मला तुझा फोन हवा असतो! रोज! बॉयलर बिघडलेला नसला तरी!"

पलीकडून नुसता ट्रेनचा खडखडाट आला. मला वाटलं, पुन्हा तुटला.

"ऐकलं, आई," तो म्हणाला.