चारी बाजूंनी

निमलचा मेसेज आला तेव्हा मी आयर्लंडमधल्या कासलबारच्या सुपरमार्केटात दूध घेत होते. ‘कुसुमा गेली.’ मी बाटली फडताळावर ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली… त्याला सात आठवडे झाले, आणि अजून मला एका जागी बसवत नाही.

कुसुमा माझी शेजारीण. श्रीलंकेतल्या गॉलजवळच्या गावची सिंहली बाई, इथे नर्स. निमल तिचा नवरा. पहिल्याच भेटीत तिने दाताला बोट लावून ‘दत’ म्हटलं, कानाला लावून ‘कन’, आणि मी ‘दात, कान’ म्हटल्यावर माहेरचं कोणी भेटल्यासारखी हसली. पुढे आमच्या इंग्रजीत असे शब्द पेरले जात राहिले. तिच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ कायम कोलंबोच्या वेळेवर असायचं, म्हणजे पुण्याच्याही. मार्चअखेरीस सगळा आयर्लंड घड्याळं पुढे करायचा, ही हात लावायची नाही. आईला फोन करण्याआधी मी तिच्याकडे डोकावून वेळ बघून यायची, हातातल्या मोबाइलवर पुण्याची वेळ दिसत असूनही.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये तिने मला त्यांच्या नववर्षाला बोलावलं. वर्ष पालटताना त्यांचा पुण्यकाळ असतो. काही तास चूल थंड, कामं बंद, नुसतं बसायचं. माझ्यासारख्या चुळबुळ्या बाईला ही शिक्षाच. मी टेबल पुसायला घेतलं तर तिने फडकं काढून घेतलं. मग त्या घड्याळाप्रमाणे मुहूर्ताच्या मिनिटाला नव्या मडक्यात दूध चढलं. ते चारी बाजूंनी उतू गेलं की वर्ष भरभराटीचं, हे तिने मला दोनदा सांगितलं होतं. पण दूध वर आलं आणि आईने लावलेलं वळण माझ्या हातांनी दाखवलं… मी झटकन गॅस बंद केला.

दूध खाली बसलं. कुसुमाने चमच्याने मडक्याच्या चारी बाजूंना दूध सांडलं आणि कामावर असलेल्या निमलला फोन करून सिंहलीत काहीतरी सांगितलं. मी विचारलं तेव्हा म्हणाली, “चारी बाजूंनी गेलं म्हटलं. तो मनाला लावून घेतो गं. आपल्या दोघींतच राहू दे.”

ऑक्टोबरात तिचा आजार निघाला. गॅसच्या बटणाने कोणाला कॅन्सर होत नाही, एवढं मला कळतं. कळून उपयोग होत नाही. तुझ्याही मनात ते आहे का, हे विचारायचं ठरवून मी दर वेळी हॉस्पिटलात जायची आणि सूप, पाऊस असलं काहीतरी बोलून परत यायची. विचारायचं राहूनच गेलं, त्याचा मला स्वतःचा राग येतो.

घरात मृत्यू झालेला, म्हणून यंदा निमलने नववर्ष केलं नाही. त्या दिवशी सकाळी तो ते घड्याळ घेऊन आमच्या दारात आला. चहा घेता घेता म्हणाला, “गेल्या वर्षी दूध चारी बाजूंनी उतू गेलं होतं. मग असं कसं झालं?”

खरं अगदी ओठांवर आलं होतं. सांगितलं असतं तर मी सुटले असते आणि तो अडकला असता.

“मी होते ना तिथे,” मी म्हणाले. “चारी बाजूंनी गेलं.”

तो गेल्यावर मी घड्याळ ओट्यासमोर टांगलं. मुहूर्त इंटरनेटवर शोधला आणि त्या मिनिटाला पातेल्यात दूध चढवलं. साय थरथरली, वर आली. लेक आतून धावत आली, “आई, इट्स बॉयलिंग ओव्हर!”

“जाऊ दे,” मी म्हणाले. पाठीमागे माझा एक हात दुसऱ्याला घट्ट धरून होता.