अण्णांच्या पोत्यातले डोळे

जेवणं झाली की आमच्या कारखान्यातली लाईट जाते. कारखाना म्हणजे पत्र्याची एक खोली, दगड कापायची एक चकती, घासायच्या दोन आणि पाण्याची बादली. लाईट गेली तरी चकती एकदम थांबत नाही. तिचा आवाज उतरत उतरत जातो, आणि त्याच्याबरोबर मीही चटईवर उतरते.

डाव्या मुठीत देवीचे डोळे आहेत. डोंगरावरच्या कांगणाईच्या चांदीच्या मुखवट्यात बसवायचे, खारकेएवढे दोन, दुधी पांढऱ्यात तपकिरी-काळी वलयं असलेले. कुठं ठेवले तर उंदीर नेतील, शेजारीण नेईल, नाहीतर मीच विसरेन, म्हणून मुठीत. संध्याकाळी ठकूमावशी न्यायला येणार आहे. ती देवीची गुरवीण. आधीचे डोळे काचेचे होते, त्यांचा रंग धुऊन गेला, आणि गाव म्हणायला लागलं की आंधळ्या देवीपुढं नवस कोण बोलणार. आता हेही डोळे गेले तर गाव काय म्हणेल ते ठरलेलं आहे: म्हातारीच्या हाताला गुण नाही, पूजा पुतण्याकडे द्या. पुतण्या तेवढ्यासाठीच हल्ली रोज देवळाच्या पायऱ्या झाडतोय.

पापण्या जड होतात. पत्र्याच्या भोकातून आलेला उन्हाचा कवडसा भिंतीवरून सरकत माझ्या पायाशी येतो आणि तिथंच बसकण मारतो.

चकती पुन्हा फिरते आहे. लाईट आलेली नाही, तरी फिरते आहे, आणि माझ्या स्टुलावर त्रिंबकअण्णा बसलेत.

अण्णा कच्च्या दगडांचे दलाल. गेल्या पौषात वारले. माणसांचं जमा-नावे मी मनातल्या मनात मांडत असते. अण्णांच्या जमेला गोड जीभ, आजाऱ्याच्या घरी स्वतः डबा नेऊन देणं, आणि दगड ओळखायची नजर. नावे एकच गोष्ट: ती नजर त्यांनी कधी गिऱ्हाइकाच्या कामी लावली नाही.

"अण्णा, तुम्ही गेलात ना?"

"गेलो की. तुम्हीच आला होतात तेराव्याला. बुंदी दोनदा घेतलीत."

"एकदाच."

"बरं, एकदाच. मेलेल्या माणसाशी घासाघीस नको, मंदावहिनी." ते माझ्या मुठीकडं बघतात. "कशाचे केलेत?"

"सुलेमानी अकीकाचे. तुमच्याच पोत्यातल्या. पोत्यावरची चिठ्ठी तुमच्याच हातची आहे."

"वेळ किती लागला?"

"दुपारी बसले, दिवेलागणीला झाले. हात बसलाय आता माझा."

अण्णा हसतात. हसताना त्यांचं पोट हलतं, पण आवाज चकतीतून येतो. "सुलेमानी दिवेलागणीला होत नाही. सुलेमानी चकतीला रडवतो आणि चकतीवाल्यालाही."

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आमच्या धंद्यात कच्चा दगड घेताना ओला करून बघतात, उन्हात धरतात, तळहातावर तोलतात. पण विकणाऱ्यासमोर दाभणानं ओरखडा काढून बघत नाहीत. ते म्हणजे त्याला तोंडावर खोटारडा म्हणणं. आणि हे पोतं तर सुभद्रावहिनींनी, अण्णांच्या बायकोनं, तेराव्याच्या दिवशी माझ्यापुढं ओढलं. "यांचा शेवटचा माल आहे, तुम्हीच न्या," म्हणाल्या. अशा घरात दाभण काढणार कोण? तिथं नाही काढलं. मग घरी आल्यावरही नाही काढलं.

"मग हा दगड कुठला आहे, अण्णा?"

"चला," ते स्टुलावरून उठतात. "आज बाजार आहे."

दारातून बाहेर पडावं तर आम्ही चिंचेखाली बाजारात उभे. गोणपाटांवर दगडांचे ढीग, प्रत्येकावर अण्णांच्या वळणदार अक्षरात रत्नाच्या नावाची चिठ्ठी. 'कटेला', 'मर्गज', 'सुनेला'. अण्णा खिशातून दाभण काढून माझ्या हातात देतात. जिवंतपणी त्यांनी हे कधी केलं नसतं.

"लाजू नका. विकणारा मेलाय."

जांभळ्या कटेल्यावर दाभण टेकवते. गुळाच्या ढेपेत शिरावं तसं शिरतं.

"कटेला असता तर दगडानंच दाभण खाल्लं असतं," अण्णा म्हणतात, जणू ढीग दुसऱ्याच कुणाचा आहे. "रंग तेवढा त्याचा. अंग नाही."

हिरव्या मर्गजावर पांढरी रेघ उठते. पिवळ्या सुनेल्याचा कोपराच तुटून पडतो, सरळ, वडीच्या तुकड्यासारखा.

"लाज नाही वाटली, अण्णा?"

"मी दगड काय आहे ते लिहीत नव्हतो, वहिनी. घेणाऱ्याला काय हवंय ते लिहीत होतो."

पुढचे ढीग ढीग नाहीत, माणसं आहेत. मांडी घालून ओळीनं बसलीत, गळ्यात चिठ्ठ्या. माझ्या धाकट्या जावेच्या गळ्यात 'सोशीक'. सोसायटीच्या चेअरमनच्या गळ्यात 'पाणीदार'. ठकूमावशीचा पुतण्या 'भाविक' लावून बसलाय आणि चिठ्ठी सुलटी दिसावी म्हणून सारखी सरळ करतोय.

"ह्या चिठ्ठ्या पण तुम्हीच लिहिल्यात?"

"छे. ह्या ज्यानं त्यानं घरूनच आणल्या." अण्णा माझ्या गळ्याकडं बघतात आणि नजर काढून घेतात. मी पदर पुढं ओढते.

"काय लिहिलंय?"

"हात बसलाय, असं काहीतरी."

मला राग येतो आणि हसूही येतं. त्या दोहोंच्या मध्येच बाजार ओला होतो. पायाखाली वाळू, घोट्याएवढं पाणी. आम्ही नदीत आहोत. काठावर पत्र्याची माझी खोली दिसते, पण तिला दार नाही. अण्णा धोतर वर खोचून पाण्यातून एकेक खडा उचलतात आणि गालाला लावतात.

"हे तरी आठवतं का? काच गालाला लावली की लगेच माणसाळते. दगड आपला गारवा सोडत नाही."

मी मूठ उघडते. दोन्ही डोळे दोन्ही गालांना लावते. गार. नदीपेक्षा गार. अंगात अशी काही हुशारी येते की मी पाण्यात पाय आपटते.

"गार आहेत, अण्णा! गार आहेत! चांगले आहेत!"

"गार आहेत म्हणजे काच नाही. एवढंच झालं. कुठल्या जातीचे आहेत ते गालाला नाही कळत."

"तुम्ही सांगा ना मग सरळ."

ते खाली वाकून खडा पुन्हा होता तिथंच ठेवतात, नीट, जणू नदीचा हिशेब चुकायला नको. "मला सरळ सांगायची सवय नाही, वहिनी. वय झाल्यावर लागत नाही नवी सवय. मेल्यावर तर नाहीच."

पाण्याची थंड फरशी होते. अंधार, तेलाचा वास, समई. कांगणाईचा गाभारा. ठकूमावशी आमच्याकडं पाठ करून मुखवटा न्हाऊ घालते आहे. मुखवट्याला डोळ्यांच्या जागी दोन भोकं, आणि त्यांतून मागची समई दिसते. मावशी आधी दूध घालते, मग दही चोळते, अगदी नातीला आंघोळ घालावी तसं, कानामागंसुद्धा.

"थांब गं बाई," ती देवीला सांगते आहे. "आज येतायत तुझे. मग बघ माझ्याकडं. किती सुरकुतले ते बघून घे एकदा."

मला हाक मारायची आहे. मी मूठ पुढं करते.

अण्णा माझ्या मुठीतून एक डोळा काढून घेतात. मावशीच्या वाटीतल्या दह्यात आपला जाडजूड अंगठा बुडवतात आणि डोळ्याच्या बरोबर मध्यावर ठेवतात. दाबून. तिथंच ठेवतात.

"काय करताय?"

"रोज सकाळी मावशी करेल तेच."

"अण्णा, अंगठा काढा."

"सुलेमानी असला तर त्याला दही काय आणि लिंबू काय. पुसलं की पुन्हा लख्ख." त्यांचा आवाज पहिल्यांदाच दलालाचा नाही. "पण चुन्याच्या जातीचा असला तर त्याला आंबट सोसत नाही. दिवाळीपर्यंत मोतीबिंदू."

"काढा ना मग अंगठा. बघू."

"काढला तर कळेल." ते माझ्याकडं बघतात. दाढीचे खुंट वाढलेत, शेवटच्या आजारात वाढले होते तसे. "नाही काढला तर तुमचं-माझं छान चाललंय. तुम्ही म्हणाल, अण्णांनी जाता जाता तरी चांगला माल दिला. सुभद्रा तेच सांगत फिरतेय गावभर. मला बरं वाटतं ऐकून."

मावशी तिकडं मुखवटा पुसते आहे. कापड एका भोकातून आत जातं, ती ते हळूच बाहेर ओढते.

"अण्णा, तुम्ही चिठ्ठी लिहिलीत तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

ते अंगठा काढत नाहीत. पण हात पुढं करतात, डोळ्यासकट, माझ्यापुढं. घ्या, म्हणावं तसा. जन्मभर माल पुढं करणाऱ्या माणसाचा हात.

मी त्यांचा अंगठा धरते. गार आहे. धरून ठेवला तरी गारच राहतो. क्षणभर वाटतं की नको, राहू दे, एवढा एक गोड समज ठेवून जाऊ दे माणसाला. मग मावशीची पाठ दिसते.

मी अंगठा उचलते.

पंखा गरगरतो आहे. लाईट आली आहे, चकतीनं सूर धरलाय, कवडसा चटई ओलांडून दारापर्यंत गेलाय. माझी मूठ घट्ट मिटलेली, बोटं दुखतायत. उघडते. एक डोळा लख्ख, त्यात पंखा फिरताना दिसतो. दुसऱ्याच्या मधोमध वलयावर अंगठ्याएवढा डाग, पिठूळ, झिलई खाऊन टाकलेला. पदरानं पुसते. थुंकी लावून पुसते. जात नाही.

बाहेर वहाणा झटकल्याचा आवाज होतो.

"मंदे, झाले का गं देवीचे डोळे?"

"नाही झाले, मावशी. आत ये, बस."

"कालच तर म्हणालीस झाले म्हणून." ती दारात उभी, हातात चांदीचा मुखवटा फडक्यात गुंडाळलेला.

"दुसऱ्या दगडाचे करते. वेळ लागेल, पण करते. हा दह्यात टिकायचा नाही."

"कोण म्हणतं?"

मी डोळा उजेडात धरते आणि त्या डागावर माझा अंगठा ठेवून बघते. चारी बाजूंनी डाग उरतो.