गॉगलची भोकं

अण्णा, तुमी परत तेच लिवलं, ‘गॉगल लावून हिरो झालाय.’ हितं हिमाचलात उन्हात बर्फ इतका चमकतो, की उघड्या डोळ्यानं दोन दिसांत दिसायचं बंद हुतं. हे पत्र पेठेतल्या सगळ्या पोरांना वाचून दाखवा.

आज सकाळी चूक माझीच झाली. रस्त्यावरचा बर्फ काढायला मी बर्फावर घसरत खेळणाऱ्यांचा गॉगल घेतलेला. त्याच्या वरच्या कडेला बारीक भोकं हुती. आपण मागावरची माणसं. भोक दिसलं की त्यातनं कापसाचा तंतू आत जाणार, हीच भीती; हितं बर्फाचा भुगा जाईल वाटलं. मी सगळ्या भोकांत कापूस कोंबला.

अर्ध्या तासात काच आतनं वाफेनं भरली. दरीचा काठच दिसंना. बरोबरचा गडी दोर्जे वरडला, “ओ सोलापूर, रुक! आगे खाई है!” एकच पाऊल राहिलं हुतं.

त्यानं कापूस उपटून फेकला. “उसको भी सांस लेने दे, पागल!”

मग दुकानात नेऊन त्यानं गॉगल पारखायची रीत दाखवली. पट्टा न लावता गॉगल तोंडावर दाबायचा, स्पंज सगळीकडनं टेकला पायजे. माझ्या नाकापाशी फट हुती, श्वास आत शिरायचा. वर पैसे भरून बदलून घेतला.

उद्या परत त्याच काठावर काम हाय. आईला सांगू नका.

पोरांनो, खरं सांगा, तुमी भोकं बुजवली नसती व्हय?

ह्या खेपेला चारशेच रुपये धाडतोय.