गेटवरच्या कांबळेकाकू

खारघरच्या आमच्या सोसायटीत लिफ्टशेजारी प्लास्टिकची एक लाल खुर्ची असे आणि संध्याकाळी पाचनंतर त्या खुर्चीत कांबळेकाकू असत. क्लासहून येणाऱ्या प्रत्येक पोराला त्या अडवत. "काय रे, आज मोबाईलवर नवीन कोण भेटलं?" पोरं हसत, पण सांगत. मला हा शुद्ध भोचकपणा वाटे.

तळोज्याच्या एका कारखान्याच्या गेटवर काकूंनी पंचवीस वर्षं सिक्युरिटीत काढली होती. निवृत्त झाल्या, पण गेट काही सुटलं नव्हतं. "कोण, कुठला, कुणाकडे, कशाला. पहिल्या तीनची उत्तरं कोणपण पाठ करून येतं. चौथ्याला अडखळला की तो आत नाय." हेच चार प्रश्न त्या पोरांकडून घोकून घेत. गेटचा आणखी एक नियम होता, तो मोठ्यांसाठी. "खबर आणणाऱ्याला ओरडायचं नाय. एकदा ओरडलं की दुसरी खबर येत नाय."

माझी ईशा तेव्हा अकरा वर्षांची होती. एकदा काकू घरी आल्या. "भाऊ, ईशानं खबर आणलीय. गेममधली कोणतरी ताई फोटो मागते, घरी सांगू नको म्हणते. पोरीनं विचारलं, फोटो कशाला? तर ताई गप. आपण पोलिसांत जाऊ. पण आधी पोरीला शाबासकी द्या."

"बघतो," म्हणून मी दार लावलं. शेजारणीला आधी कळलं आणि बापाला नंतर, याचाच मला राग आला होता. ईशाला नको नको ते बोललो, फोन हिसकावला, अकाउंटच पुसून टाकलं. चोर सोडून संन्याशाला फाशी! त्याबरोबर त्या 'ताई'चे सगळे मेसेज गेले, हे डोक्यातही आलं नाही. पोलिसांत गेलो नाही. लोक काय म्हणतील, ही भीती होतीच.

दोन महिन्यांनी ती 'ताई', म्हणजे एक बाप्या माणूस, ईशाच्या अभ्यासाच्या टॅबवर दुसऱ्या नावानं आला. या वेळी ईशानं कुणालाच सांगितलं नाही. काकूंचा प्रश्न चुकवायला ती लिफ्ट सोडून पाच मजले जिन्यानं चढू लागली. ते काकूंच्याच लक्षात आलं. एकदा ती वर जिन्यातच बसून राहिली, तेव्हा गुडघे धरत त्या तिसऱ्या मजल्यापर्यंत गेल्या आणि काही न विचारता तिच्याशेजारी पायरीवर बसून राहिल्या. तासाभरानं पोर बोलली. तिचा एक फोटो त्याच्याकडे गेला होता आणि तो तिला धमकावत होता.

मग मात्र काकूंना घेऊन पोलिसांत गेलो. सगळं सांगताना ईशानं हात धरला होता तो काकूंचा. पुढे माणूस पकडला गेला. पण पोलिसांनी आधीचे मेसेज मागितले तेव्हा मला मान खाली घालावी लागली. परतताना रिक्षात काकू एवढंच म्हणाल्या, "पोरगी बोलली ना? आता तुमी फक्त ऐकत राहा."

काकूंना जाऊन वर्ष झालं. त्यांची माफी मागायची राहूनच गेली, आणि ते मला फार लागतं. लाल खुर्चीवर आता वॉचमन बसतो.

परवा ईशा माझ्या दारात येऊन उभी राहिली. पंधरा वर्षांची झालीय आता. "बाबा, एक सांगायचंय. ओरडणार नाहीस ना?"

"नाही," म्हटलं. काकूंना तिनं हे कधी विचारलं नव्हतं.