वरून मिटलेली जखम

श्रावणी सोमवारची, गावभरच्या अडुसष्ट लिंगांच्या दर्शनाची फेरी निम्मी झाली असेल-नसेल, तोच रुद्रप्पाच्या पांढऱ्या पायजम्यावर पिवळा डाग उमटला. तो बघून सुंदरम्माचं डोकंच फिरलं.

"थांब. जखम फुटली की पुन्हा!"

"घाम हाय, अक्का."

"नडगीला घाम येतो व्हय? आणि त्याला असला वास मारतो?"

रुद्रप्पा तिचा धाकटा भाऊ, यंत्रमागांची दुरुस्ती बघणारा जॉबर. दोन वर्षांपूर्वी सूत गुंडाळलेला जड बीम पायावर पडला, हाड कातडी फाडून बाहेर आलं, त्याच वाटेनं जंतू आत शिरले. तेव्हापासून हा खेळ चाललेला. जखमेचं भोक वाहायला लागलं की गोळ्या सुरू, भोक मिटलं की गोळ्या बंद. वरून भस्म लावायचं आणि म्हणायचं, "सिद्धरामेश्वर बघतोय की." भाव सुंदरम्माचाही होता, पण औषध सोड असं देवानं सांगितल्याचं तिच्या ऐकण्यात नव्हतं.

खरी अडचण वेगळीच होती. संक्रांतीच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच, जड काठी पेलायची सेवा वडिलांपासून त्यांच्या घरात. डॉक्टरांनी सांगितलेलं ऑपरेशन केलं तर यंदा काठीला हात लावता येणार नव्हता.

तिनं त्याला एका बंद दुकानाच्या पायरीवर बसवलं.

"डॉक्टर बोलत होते तवा कान कुटं होते तुझे? जंतू हाडाच्या पेशींच्या आत घुसून बसलेत. तितं गोळी धड पोचत न्हाई. हाड बांधणाऱ्या पेशी मरायल्यात, पोखरणाऱ्या माजल्यात. मेलेला तुकडा आत तसाच पडलाय, त्याला रक्त न्हाई. तो काढल्याबिगर हे थांबायचं न्हाई."

"लई शिकलीस की."

"तुझ्यापायी शिकले, मेल्या! तू तितं नंदीसारखा मान हलवतोस, ऐकायचं मला लागतं."

"चालतोय की मी."

"चालतोस! भर गर्दीत काठीसकट आडवा झालास, तर खाली कुणाची पोरं सापडतील?"

रुद्रप्पानं नडगीवर अंगठा दाबून बघितला, कळवळला. तिला वाटलं, आता आणखी एखादं निमित्त काढणार. तिनं तोंड उघडलंही होतं.

"परवा जिना उतरताना वाकला पाय," तो हळूच म्हणाला. "करतो ऑपरेशन. पण अक्का, मानकऱ्यांकडं तू जा. यंदा काठी दुसऱ्याला द्या म्हणून तूच सांग. माझ्या तोंडातनं ते निघायचं न्हाई."